नऊ रिकामे रकाने

बुधवार, दुपारचे साडेतीन

प्रिय शेपट्या,

चाळिशी गाठलेल्या माणसाला अशी हाक मारू नये हे मला कळतं. पण 'प्रिय बंधू' असं लिहून पाहिलं तर ते विमा कंपनीच्या पत्रासारखं दिसायला लागलं, म्हणून तो कागद फाडला. पत्र बघून तू दचकशील. परवाच तर फोनवर बोललो आपण. पण फोनची अडचण तुला माहीत आहे. माझा आवाज आला की तू लगेच स्पीकर चालू करतोस, पलंगावरून बाबा "कोण, ताई का?" विचारतात, आणि मग आपण तिघं मिळून हवापाण्याचं बोलत बसतो. आज मला फक्त तुझ्याशी बोलायचं आहे. तेव्हा हे एकटा असशील तेव्हा वाच. बायकोला दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर ठरव.

आधी उद्याचं सांगते, कारण ते डोक्यातून हलत नाही. उद्या सकाळी दहा वाजता मला हॉस्पिटलच्या समितीपुढे उभं राहायचं आहे. टेबलाभोवती सातजण बसतील, मी पडद्याच्या बाजूला उभी राहीन, आणि पंधरा मिनिटांत सांगेन की खुब्याचं ऑपरेशन झालेल्या वयस्कर माणसांना त्याच दिवशी संध्याकाळी उभं करून चालवावं की नेहमीप्रमाणे दोन दिवस थांबावं. 'चालवावं' म्हटलं तर एक तारखेपासून आमच्याकडे आणि आमच्या चारही शाखांमध्ये तसंच सुरू होईल. आदेशाचा कागद टाइप होऊन तयार आहे, फक्त सही राहिली आहे. 'थांबा' म्हटलं तर माझं वर्षभराचं काम पाण्यात, आणि माझ्या शब्दावर जे राबले त्यांचंही. माझ्याकडे दोन्ही उत्तरं आहेत. दोन्ही मीच काढलेली आहेत, त्याच चौऱ्याण्णव माणसांवरून. पर्समध्ये दोन पेन ड्राइव्ह आहेत. एकाला निळी चिकटपट्टी लावली आहे, चुकून भलताच लावला जाऊ नये म्हणून. 'चुकून' असं लिहिलं खरं, पण लिहितानाच मला माझी शंका आली.

हे सगळं तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, आता सलग सांगते. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख, असा एक वर्षाचा वर्ग हॉस्पिटलने काढला आणि फिजिओथेरपी विभागातून कोणीतरी जायलाच हवं म्हणून माझं नाव गेलं. गणिताशी माझं कधी जमलं नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी दहावीत रडत बसायचे आणि तू, सहावीतला दीडफुट्या, पलीकडे बसून माझ्या वजाबाक्या तपासायचास आणि वर 'हं' म्हणून मान हलवायचास. पुढे तू जमीन मोजायच्या नोकरीला लागलास तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. तर वर्गात आम्ही बाराजण. दर गुरुवारी दोन ते चार, तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या एक्स-रेच्या खोलीत. तिच्या भिंतींत शिसं आहे, त्यामुळे आत फोन चालत नाही आणि नाइलाजाने लक्ष द्यावं लागतं. शिकवायला एक निवृत्त बाई आहेत. आयुष्यभर त्यांनी लसींच्या चाचण्यांचे आकडे तपासले. कानाला यंत्र आहे, आणि कुठल्याही उत्तरावर त्यांचा एकच प्रश्न असतो, "का बरं?" म्हणून त्यांचं नाव पडलं का-बरं मॅडम. पहिल्या तासाला त्यांनी आम्हा बाराजणांना एकाच शिपायाचा रक्तदाब मोजायला लावला. बारा वेगवेगळे आकडे आले. शिपाई बिचारा घाबरून सगळ्यांना विचारत सुटला की मला नक्की झालंय तरी काय. मॅडम म्हणाल्या, याला काही झालेलं नाही, झालंय ते तुम्हाला, आणि आता वर्षभर आपण त्याच्यावर उपचार करायचे.

मला तो वर्ग आवडायला लागला, हे कबूल करते. वीस वर्षं मी माणसांना उभं करते आहे. 'मला वाटतं, अनुभवाने सांगते' असं म्हणत आले. आणि इथे कोणीतरी शिकवत होतं की वाटण्याला मोजून कसं बघायचं. म्हणून प्रकल्पाची वेळ आली तेव्हा मी माझं सगळ्यात लाडकं वाटणं घेतलं: ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी चालवलं तर माणूस लवकर बरा होतो. दर सोमवारी वॉर्डच्या सिस्टरने नाणं उडवायचं. छापा आला तर त्या आठवड्यातल्या सगळ्यांना जुनी पद्धत, काटा आला तर नवी. सातव्या दिवशी प्रत्येकजण वॉकर घेऊन किती मीटर चालतो ते मोजायचं आणि तक्त्यात लिहायचं. तक्ता मीच आखला. तुझ्या मोजणीच्या वहीसारखा, आडव्या ओळीत माणूस, उभ्या रकान्यात माप. रोज चालवायचं काम माझी ज्युनिअर करायची. तिशीच्या आतली पोरगी, पण कामाला वाघ, आणि मी लिहून दिलेल्या सूचनेतला एक शब्द इकडचा तिकडे करायची नाही. दहा महिने आम्ही दोघींनी सुट्टी घेतली नाही, बाबांच्या ऑपरेशनचे दिवस सोडले तर.

गेल्या महिन्यात तक्ता पुरा झाला आणि मी तो संगणकाला दिला. नव्या पद्धतीचे लोक सरासरी एकतीस मीटर चालले, जुन्या पद्धतीचे बावीस. खाली आकडा आला ०.०३. तुझ्या भाषेत सांगते: दोन्ही पद्धती खरोखर सारख्याच असत्या, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता शंभरात तीन. पाचच्या खाली आलं की लोक मान डोलावतात. मी खुर्चीवरून उठून व्यायामाच्या हॉलमध्ये एकटीच एक फेरी मारून आले. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे हाडांच्या विभागाचे प्रमुख, त्यांनी कागद पाहिला आणि मला बसायला खुर्ची दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांना कधीपासून ही पद्धत आणायची आहे, आणि दोष देत नाही मी त्यांना. खाटा दोन दिवस आधी मोकळ्या झाल्या तर बाहेर व्हरांड्यात वाट बघणाऱ्यांचं ऑपरेशन लवकर होतं. ती माणसंही दुखणं सोसतच बसलेली असतात.

मग मागच्या गुरुवारी मी वर्गात माझं काम मांडलं. मॅडमनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, सुरुवात चौऱ्याण्णव जणांनी केली, तक्त्यात त्र्याऐंशी दिसताहेत, अकराजण कुठे आहेत? मी म्हणाले, त्यांची सातव्या दिवसाची नोंद नाही, रकाने रिकामे होते, म्हणून संगणकाने वगळले. का बरं रिकामे होते? मी म्हणाले, सातव्या दिवशी ती माणसं वॉर्डात नव्हती. वॉर्डात का बरं नव्हती? वर्ग हसला, नेहमीसारखा. मग त्यांनी विचारलं की अकरांपैकी नव्या पद्धतीचे किती. मला बघावं लागलं नाही. नऊ, म्हणाले. जुन्या पद्धतीचे दोन. तेव्हा हसणं थांबलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "माणसं हरवत नाहीत. जाऊन बघा."

'मला बघावं लागलं नाही' हे वाक्य परत वाच. मी ते सहज लिहिलं, पण त्यात सगळं आहे. संगणकाने निकालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अकरा नोंदी वगळल्या. ती ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली होती. वाचून पान खाली सरकवलं होतं. रिकामे रकाने रिकामे ठेवायची सूचनाही माझीच होती, माझ्या हस्ताक्षरात: 'सातव्या दिवशी पेशंट वॉर्डात नसेल तर काही लिहू नये.' सूचना लिहिताना माझ्या मनात काहीच काळं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. ओळ वाचून पान सरकवताना नव्हतं, हे नाही सांगू शकत.

शुक्रवारी मी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथले काका तीस वर्षं फायली सांभाळताहेत. म्हणाले, मॅडम, बरे झालेल्यांची फाइल बघायला कोणी येत नाही, तुम्ही कुठल्या शोधताय ते मी न विचारताच ओळखलं. जुन्या पद्धतीचे ते दोघं छातीच्या त्रासाने आयसीयूत गेले होते, चालण्याशी त्यांचा काही संबंध नाही. मग नऊ फायली घेऊन बसले. एका बाईंच्या फुप्फुसात रक्ताची गाठ गेली, चौथ्या दिवशी त्या गेल्या. एकाची जखम चिघळली. एकांना घरच्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं. पुढच्या पाच फायली मी एकामागून एक उघडल्या आणि पाचवीनंतर सगळ्या शेजारी शेजारी मांडल्या, कारण पाचही फायलींत एकच गोष्ट लिहिली होती. पहिल्या संध्याकाळी चालवलं, चार पावलं नीट चालले, परत खाटेवर बसवलं. आणि अर्ध्या ते दीड तासात माणूस आपला आपण उठला आणि पडला. एकजण खिडकी लावायला, एकजण बाथरूमला, एक आजी खाली पडलेला चष्मा उचलायला. बसवलेला सांधा निखळला, पुन्हा ऑपरेशन, पुढे जे व्हायचं ते. जुन्या पद्धतीच्या सेहेचाळीस जणांत असा एकही नाही. त्यांना दोन दिवस हलायचं नाही म्हणून बजावलेलं होतं, ते भीतीने पडून राहिले.

का उठले असतील ही माणसं? मी ज्युनिअरला विचारलं, चालवून झाल्यावर तू त्यांना काय सांगायचीस? तिने खिशातून माझा सूचनेचा कागद काढला. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. तिसरी ओळ: 'पेशंटला धीर द्या. आता तुम्ही चालू शकता, असं स्पष्ट शब्दांत सांगा.' ती म्हणाली, मी अगदी हेच सांगायचे, मॅडम, एकही शब्द न बदलता. आणि मग तिचा चेहरा बदलला, कारण तिच्याही लक्षात आलं. एकट्याने उठू नका, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. मला ते लिहायची गरजच वाटली नाही. ज्याचं आजच ऑपरेशन झालंय तो एकटा उठेलच कसा, असं मी गृहीत धरलं. माझ्या निरोगी पायांवरून मी त्यांचा अंदाज बांधला.

आणखी एक ओळ प्रत्येक फायलीत होती. आमच्याकडे कोणी पडलं की एक छापील अर्ज भरतात, त्यात 'कारण' असा रकाना असतो. तीन फायलींत तिथे लिहिलं होतं, 'घटनेच्या वेळी नातेवाईक जवळ नव्हते.' दोन फायलींत, 'नातेवाईक जवळ असूनही रुग्णास सावरू शकले नाहीत.' म्हणजे जवळ असला तरी त्याचाच दोष, नसला तरी त्याचाच. चालवल्याचा उल्लेख त्या अर्जात एकाही ठिकाणी नाही. तो दुसऱ्या कागदावर असतो, आमच्या विभागाच्या. दोन्ही कागद एकाच फायलीत, चार पानांच्या अंतरावर, आणि ते कोणी शेजारी ठेवून वाचलेच नाहीत.

नववी फाइल मी शुक्रवारी उघडली नाही. काकांनी विचारलं, ही राहिली. मी म्हणाले, उद्या. शनिवारी उघडली. नोंद क्रमांक त्रेसष्ट. तू ओळखलं असशील.

पाच वाजून दहा मिनिटांनी चालवलं. पाच वाजून पन्नास मिनिटांनी पडले. मला त्या वेळा पाठ होत्या. आपल्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत असा आमचा नियम आहे, म्हणून मी त्या दिवशी खालच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटजवळ होते. सव्वापाचला ज्युनिअरचा निरोप आला: बाबा सहा पावलं चालले, फार खूश आहेत. तिला मी शाबासकी दिली. त्यांच्या संमतीच्या अर्जावर साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. तू तो वाचला नव्हतास. 'ताई आहे ना, मग काय वाचायचं' असं म्हणाला होतास, आणि बाबा म्हणाले होते की पोरीच्या परीक्षेत नापास व्हायचं नाही मला. त्यांनी मग उठून बघितलं असेल. आता चालू शकता, असं त्यांना सांगितलं होतं ना कोणीतरी. ते आयुष्यात कधी सांगितलेलं टाळून बसलेले नाहीत.

मी नवीन हिशेब केला. नऊजणांचं आणि त्या दोघांचं अंतर शून्य धरून केला, मग सरासरीच्या निम्मं धरून केला. शून्य धरलं तर ०.३३. निम्मं धरलं तर ०.१०. ०.०३ काही परत आला नाही. मग पडलेल्यांची वेगळी तुलना केली. अठ्ठेचाळीसांत सहा आणि सेहेचाळीसांत शून्य. निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता शंभरात तीनपेक्षाही कमी. फायदा दिसेनासा झाला आणि नुकसान दिसायला लागलं. ते घेऊन सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं. बाबांची दोन्ही ऑपरेशनं त्यांनीच केली आहेत, हे विसरू नकोस. दुसऱ्या वेळी ते पाच तास उभे होते. म्हणाले, रिकाम्या जागा सगळ्यांच्याच अभ्यासात असतात, कदाचित तुमच्या त्या ज्युनिअर मुलीनेच नीट समजावलं नसेल, तेवढं सुधारू आणि पुढे जाऊ. मी म्हणाले, मुलीने माझा कागद वाचून दाखवला, दुसरं काही केलेलं नाही. मग त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "मॅडम, तुमचे वडील त्या नऊजणांत नसते, तर तुम्ही तळघरात गेला असता का?"

मी माझे कागद गोळा केले. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. त्यांना म्हणायचं होतं की दुःखामुळे माझी नजर गढूळ झाली आहे. तसं असेलही, मी दोन दिवस तेच तपासते आहे. मला कोणावर तरी खापर फोडायचं आहे का? स्वतःवर फोडलं की सगळे गप्प बसतात, तो तर माझा डाव नाही? पण जितकं उकरते तितकं उलटंच निघतं. बाबा त्या नऊजणांत नसते, तर मी पहिल्याच आठवड्यात तळघरात गेले असते. ती अकराची ओळ वाचून मी पान सरकवलं, कारण त्या अकरांत कोण आहे हे मला माहीत होतं. रकाना रिकामा राहिला की त्रेसष्ट नंबरच्या माणसाचं काय झालं हे मला माझ्याच तक्त्यात वाचावं लागत नव्हतं. आणि माझ्या नऊपैकी उरलेले आठजण त्याच्या आडोशाने गेले. माझ्या वडिलांना झाकायला मी आठ परक्या माणसांना झाकलं.

काल डायरी काढली. तुला हसू येतं माझ्या डायऱ्यांचं, पण मी काही लपवत नाही त्यात, असं मला वाटत होतं. त्या दिवसाची दोन पानं आहेत. दुसऱ्या ऑपरेशनची वेळ, रक्ताच्या बाटल्या, मोठ्या डॉक्टरांचे घामाने भिजलेले कपडे, भिंतीला टेकून उभा असलेला तू, तुझ्या हातातला कागदी कप. संध्याकाळी पाच दहाच्या चालण्याबद्दल एक अक्षर नाही. मीच लिहिलं, माझ्यासाठीच लिहिलं, तरी नाही. पाच महिने तू बाबांना उठवतोस, बसवतोस, फिरतीची नोकरी सोडून टेबलावर जाऊन बसलास, दाराशी उतार बांधून घेतलास. चहा का सोडलास हे तुझ्या बायकोला अजून कळलेलं नाही. पित्त होतं असं तू सांगतोस. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि मी पित्तावरचं औषध सांगत राहिले.

तेव्हा उद्या कुठला पेन ड्राइव्ह लावायचा ते ठरलं आहे. निळा. नऊही माणसं तक्त्यात असतील आणि तळाशी मी लिहिलं आहे की नोंद त्रेसष्ट माझे वडील आहेत, म्हणजे ज्याला शंका घ्यायची त्याने उघड घ्यावी. पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. चालवल्यानंतर दोन तास कोणीतरी खाटेजवळ बसलं, कठडे वर केले आणि एकट्याने उठू नका असं बजावलं, तर कदाचित ती चांगलीही ठरेल. तसं पुन्हा करून बघा, पण एक तारखेपासून सरसकट सुरू करू नका, एवढंच म्हणेन. ऐकतील की नाही सांगता येत नाही. सातांपैकी चौघं मोठ्या डॉक्टरांचा शब्द मोडत नाहीत. माझी खुर्ची परत जाईल. ज्युनिअर म्हणाली, मी येऊन तुमच्या शेजारी उभी राहते. तिला मी नको म्हटलं, तरी येईलच.

आता हे पत्र का लिहिलं ते. उद्या समितीकडे मी आणखी एक मागणी करणार आहे: पडलेल्या सहाजणांच्या घरच्यांना हॉस्पिटलने लेखी कळवावं की अर्जात लिहिलेलं कारण अपुरं आहे. मान्य झालं तर छापील कागदावर, 'आपल्या रुग्णासंबंधी' अशी सुरुवात असलेलं एक पत्र तुझ्याही घरी येईल, आणि ते तू हॉस्पिटलच्या भाषेत वाचावंस असं मला वाटत नाही. मान्य झालं नाही तर उरलेल्या पाच घरांत ते कळायचं राहून जाईल. तुझ्याकडे तरी राहायला नको. त्या संध्याकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर तू मला विचारलंस, "ताई, मी चहाला खाली गेलो नसतो तर?" आणि मी म्हणाले, आता तो विचार करू नकोस. तू ते 'हो' असं ऐकलंस, आणि मी ऐकू दिलं, कारण त्या क्षणी मला चालवल्यापासून पडेपर्यंतच्या चाळीस मिनिटांचा हिशेब ठाऊक होता आणि तो तुझ्यापुढे मांडण्याची हिंमत नव्हती. उत्तर आज देते, जेवढं खरं आहे तेवढंच. एका माणसाबद्दल आकडे काही सांगू शकत नाहीत, म्हणून तू वर असतास तर काय झालं असतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण सहाजणांबद्दल सांगू शकते. सहाही उठले. चौघांजवळ कोणी नव्हतं, दोघांच्या अगदी हाताशी मुलं बसली होती, तरी उठले आणि तरी पडले. त्यांना सगळ्यांना उठायला लावणारं वाक्य मी लिहिलं होतं. तू जिन्यात होतास, शेपट्या, एवढाच तुझा गुन्हा. बाबांना हे मीच सांगणार आहे, ते काम तुझ्यावर टाकत नाही. रविवारी सकाळी पोचते. काय बोलायचं असेल ते तोपर्यंत साठवून ठेव, आणि मी आले की सगळं बोल. मी मधे एक शब्द बोलणार नाही.

तुझीच,
ताई